ड्रंक अँड ड्राइव्हची केस आणि पोलिसांच्या चुका: कोणती चूक खरी, कोणती पळवाट?

‘ड्रंक अँड ड्राइव्ह’मध्ये पकडलेला माणूस आधी वकिलाकडे जातो आणि मग डॉक्टरकडे येतो. पोलिसांनी प्रक्रिया नीट पाळलेली नाही, केस लढता येईल, असे त्याला सांगितलेले असते. सोबत डॉक्टरांचे एक पत्र जोडले तर बरे, असेही सुचवलेले असते. पत्रात काय लिहायचे तेसुद्धा ठरलेले असते: त्या रात्री याने खोकल्याचे औषध घेतले होते, किंवा याला मधुमेह आहे, किंवा दमा आहे. घडलेलेच नाही असे काही लिहून देणारी पत्रे मी देत नाही. पण ‘मशीन चुकू शकते का?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र मी देतो. तो प्रश्न वैद्यकीय आहे आणि त्याचे उत्तर ‘हो’ असे आहे.

या विषयावर दोन मते नेहमी ऐकू येतात. एक म्हणते, पोलिसांनी एखादा कागद चुकवला की सुटलो. दुसरे म्हणते, ‘प्यायला होता ना? मग प्रक्रिया कसली बघता? टाका आत.’ माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्हींची चूक एकच आहे. दोन्ही मते प्रक्रिया ही तपासणीच्या बाहेरची गोष्ट समजतात. ती तपासणीचाच भाग आहे. उपाशीपोटीची साखर नाश्ता करून तपासली, तर प्रयोगशाळेचे यंत्र कितीही महागाचे असो, तो आकडा उपाशीपोटीचा नसतो. दारूच्या चाचणीचेही तसेच आहे. कधी, कशाने, कोणत्या बाटलीत आणि कोणाच्या हातून, हे ठाऊक नसेल तर हातात उरतो तो फक्त एक आकडा.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. मोजमाप बिघडवणारी चूक झाली असेल तर जरूर लढा. मोजमापाला धक्का न लावणारी चूक धरून सुटायचे असेल तर तो तुमचा आणि तुमच्या वकिलाचा प्रश्न आहे. त्यात वैद्यकशास्त्राला खोटी साक्ष द्यायला लावू नका.

कायदा काय मागतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे किंवा चालवण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. हे प्रमाण ब्रेथ ॲनालायझरने किंवा प्रयोगशाळेतल्या चाचणीसह अन्य चाचणीने ठरते. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे प्रकरण सिग्नल तोडल्यासारखे रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, न्यायालयात जावे लागते. दोषी ठरल्यास लायसन्सवरही गदा येते.

पुढची कलमे फारशी कोणी वाचत नाही. कलम २०३ नुसार गणवेशातला पोलीस वाजवी संशय असल्यास जागेवर किंवा जवळपास श्वासाची चाचणी घेऊ शकतो. कलम २०४ मध्ये पोलीस ठाण्यात नोंदणीकृत डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेण्याची तरतूद आहे. स्त्रीचा नमुना पुरुष डॉक्टर घेणार असेल तर दुसरी स्त्री हजर असावी लागते. कलम २०२ नुसार अटक झाल्यास २ तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, न झाल्यास कोठडीतून सोडावे लागते. सोडणे म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे, हे लक्षात ठेवा.

आणि कलम २०५: योग्य कारणाशिवाय चाचणीला नकार दिला, तर तो नकारच तुमच्याविरुद्ध वापरता येतो. ‘फुंकूच नका, मग काही सिद्ध होत नाही’ हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला ज्याने दिला त्याने हे कलम वाचलेले नाही.

श्वासाचा आकडा कुठे बिघडतो

ब्रेथ ॲनालायझर रक्त मोजत नाही. तो फुप्फुसातून येणाऱ्या हवेतले अल्कोहोल मोजतो आणि त्यावरून रक्तातले प्रमाण काढतो. त्यासाठी बहुतेक यंत्रे २१०० च्या आसपासचा गुणक धरतात, म्हणजे २१०० मिलिलिटर श्वासात जितके अल्कोहोल, तितके १ मिलिलिटर रक्तात. हा गुणक सरासरीचा आहे. माणसामाणसांत तो थोडा कमीजास्त असतो. त्यामुळे यंत्रावर ३३ किंवा ३४ आले तर शंकेला खरोखर जागा आहे. १४० आले तर नाही. गुणक कितीही हलवा, १४० चे २९ होत नाहीत.

दुसरा दोष तोंडातल्या दारूचा. नुकताच घोट घेतला असेल, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, किंवा ओकारी, आंबट ढेकर येऊन पोटातले तोंडात आले असेल, तर यंत्र फुप्फुसाऐवजी तोंडातली वाफ मोजते आणि आकडा फुगतो. हा परिणाम साधारण १५ मिनिटांत ओसरतो. म्हणून चांगली पद्धत अशी: १५ ते २० मिनिटे थांबायचे, त्या वेळात काही खाऊ-पिऊ द्यायचे नाही आणि मग चाचणी घ्यायची. काही मिनिटांच्या अंतराने दुसरी चाचणी घ्यावी. दोन आकडे जवळपास सारखे आले तर तोंडातल्या दारूचा प्रश्न मिटतो.

तिसरा दोष यंत्राचा. त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे ठाऊक असलेल्या प्रमाणावर ते तपासून घेणे, ठरलेल्या मुदतीत झालेले हवे. प्रत्येक चाचणीआधी यंत्राने रिकाम्या हवेत शून्य दाखवायला हवे. आधीच्या माणसाच्या श्वासातले काही उरलेले नाही याची ती खात्री असते. फुंकायची नळी प्रत्येकाला नवी, सीलबंद पाकिटातली हवी. हे आकड्यासाठी हवेच, पण शंभर जणांच्या तोंडाला लागलेली नळी तोंडात घेऊ नये हे सांगायला डॉक्टरही लागू नये.

या चुकांना मी खऱ्या चुका म्हणतो. यातली एखादी झाली असेल तर तुमच्या वकिलाने यंत्राची नोंद, छापील पट्टी, वेळ आणि कॅलिब्रेशनचा दाखला मागावा. तो तुमचा हक्क आहे.

रक्ताची बाटली

रक्ताची चाचणी श्वासापेक्षा पक्की, पण नमुना नीट घेतला तरच. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसू नये. प्रत्यक्षात त्याने आकडा फारसा हलत नाही, पण शंका कायमची राहते. साबण-पाणी किंवा अल्कोहोल नसलेले जंतुनाशक वापरले की विषय संपतो. नमुना सोडियम फ्लोराइड असलेल्या बाटलीत हवा. फ्लोराइड नसेल आणि बाटली उकाड्यात पडून राहिली, तर जंतू रक्तातल्या साखरेपासून अल्कोहोल तयार करू शकतात, किंवा असलेले संपवूही शकतात. बाटली भरलेली, सीलबंद, नाव आणि वेळ लिहिलेली असावी, फ्रीजमध्ये राहावी आणि एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची प्रत्येक नोंद असावी.

आणखी एक फरक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कायदा रक्ताबद्दल बोलतो. पण अपघातातल्या जखमीची चाचणी रुग्णालय स्वतःच्या उपचारासाठी करते, तेव्हा बहुधा सीरम, म्हणजे रक्तपेशी काढून टाकलेला द्रव तपासला जातो. सीरममधला आकडा पूर्ण रक्तापेक्षा साधारण १० ते २० टक्के जास्त येतो. सीरममधले ३४ म्हणजे रक्तातले जेमतेम ३०. सीमेवरच्या केसमध्ये हा फरक निर्णायक ठरू शकतो.

‘प्यायलेला’ दिसणारा प्रत्येक जण प्यायलेला नसतो

माझ्या दृष्टीने या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर एकदम खाली गेली की तो घामाघूम होतो, अडखळत बोलतो, झोकांड्या खातो, चिडतो, प्रसंगी अंगावर धावून येतो. डोक्याला मार लागून आत रक्त साकळले, पक्षाघाताचा झटका आला किंवा नुकतीच फिट येऊन गेली, तरी माणूस असाच दिसतो. रात्री दोन वाजता नाकाबंदीवर उभ्या असलेल्या हवालदाराला तो ‘टाइट’ वाटणारच.

त्यातून अवघड गोष्ट अशी की दारू स्वतः साखर खाली आणते, आणि प्यायलेल्या माणसाच्याही डोक्याला मार लागतो. म्हणजे तोंडाला वास आहे एवढ्यावरून बाकी सगळे ठीक आहे असे होत नाही. ‘पडू दे कोपऱ्यात, सकाळपर्यंत उतरेल’ म्हणून पोलीस ठाण्यात झोपवलेला माणूस सकाळी उठलाच नाही, असे होऊ शकते. ते टाळायचे तर एक ग्लुकोमीटर, एक टॉर्च आणि दहा मिनिटे देणारा डॉक्टर पुरतो.

दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी हा नियम म्हणूनच मला पळवाट वाटत नाही. तो पुरावा जपतो आणि जीवही वाचवतो. हा नियम मोडणाऱ्या पोलिसाने आरोपीला मदत केली असे आपण म्हणतो. पण आरोपी खरोखर आजारी असेल तर त्याने त्याला मारायचेच बाकी ठेवलेले असते.

नुसत्या दिसण्यावर विसंबू नये हे न्यायालयांनीही मान्य केले आहे. महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षांहून अधिक काळापूर्वी सांगितले, की वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही.

ज्या सबबी टिकत नाहीत

आता दुसरी बाजू. हा हिशेब एकदा नीट वाचा.

‘मी फक्त आसव-अरिष्ट घेतले होते’ किंवा ‘खोकल्याचे सिरप घेतले होते.’ समजा औषधात १० टक्के अल्कोहोल आहे आणि तुम्ही ३० मिलिलिटर घेतले. त्यात साधारण २.४ ग्रॅम अल्कोहोल आले. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने जेमतेम ५ मिलिग्रॅम आकडा येईल. ३० गाठायला असे ६ डोस एकदम प्यावे लागतील. घोट घेऊन लगेच फुंकले तर तोंडातल्या वाफेने यंत्र वाजेल, पण पंधरा मिनिटांनी नाही, आणि रक्तात तर नाहीच.

‘एकच पेग घेतला.’ बाजारातल्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असते. ६० मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते ४० च्या पुढे जाऊ शकते, विशेषतः रिकाम्या पोटी. ५५ किलोच्या स्त्रीला ३० मिलिलिटरचा एक स्मॉल पेगही सीमेवर नेऊ शकतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, म्हणजे दोन लार्ज पेग. ‘बिअरच तर होती’ याला वैद्यकीय अर्थ काही नाही.

‘रात्री प्यायलो होतो, सकाळी पकडले.’ यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने अल्कोहोल उतरवते, कोणाचे थोडे जास्त, कोणाचे कमी. एक क्वार्टर मध्यरात्री संपवला तर आकडा १२० च्या पुढे असू शकतो. तो ३० वर यायला सहा तासांहून जास्त लागतात. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. माणूस जागा होतो, शुद्धीवर येत नाही.

‘मला दमा आहे, मधुमेह आहे.’ गंभीर दम्यामुळे पुरेसे फुंकता येत नसेल तर ते खरे कारण आहे. पण ते तिथेच सांगायचे आणि रक्ताची चाचणी मागायची. ताब्यात असलेला मधुमेह रक्तात अल्कोहोल तयार करत नाही. तीन महिन्यांनी आठवलेला आजार हा आजार नसतो.

आता पोलिसांना आणि आम्हा डॉक्टरांना

लोक पळवाटा शोधतात म्हणून नावे ठेवणे सोपे आहे. पळवाट असते कारण कोणीतरी भिंत अर्धीच बांधलेली असते.

अभिनेता सलमान खान याच्यावरचा सप्टेंबर २००२ मधल्या वांद्र्याच्या अपघाताचा खटला आठवा. एक माणूस मेला, चार जखमी झाले. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये दोषी ठरवले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. मद्यपानाच्या मुद्द्यावर रक्ताचा नमुना कसा साठवला, प्रयोगशाळेत कसा पोचवला, ही साखळी सरकारी पक्षाला सिद्ध करता आली नाही. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. प्यायलेले होते की नव्हते, यावर मी इथे बोलत नाही. माझा मुद्दा एवढाच की एका नमुन्याची नीट निगा राखली असती तर या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने कधीच दिले असते, कोणत्याही बाजूने.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. रक्ताचा नमुना घेतला गेला तो अनेक तासांनी, आणि पुढे तो नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे ते होतील. पण वरचा हिशेब लावून बघा: तासाला १५ मिलिग्रॅम. उशीर होईल तसा पुरावा आपोआप विरघळत जातो. त्यासाठी लाच द्यावी लागत नाही, नुसती दिरंगाई पुरते.

आणि आमच्या व्यवसायात कॅज्युअल्टीच्या कागदांवर वर्षानुवर्षे एक छापील वाक्य लिहिले जात आले आहे: ‘दारूचे सेवन केले आहे, पण अंमलाखाली नाही.’ रक्त न तपासता, बाहुल्या न बघता, सरळ रेषेत चालायला न लावता. हे वाक्य डॉक्टरला साक्षीच्या कटकटीतून वाचवते, पोलिसाचा कागद पुरा करते आणि आरोपीला सोयीचे पडते. त्यातून सत्य तेवढे निसटते. तपासले नसेल तर ‘तपासले नाही’ असे लिहायला हवे.

प्रत्येक ठाण्यात कॅलिब्रेट केलेले, पट्टी छापणारे यंत्र, पंधरा मिनिटांची वाट, दोन वाचने, फ्लोराइडची बाटली आणि सहीनिशी साखळी. यात चांद्रयान बांधण्याएवढे अवघड काही नाही. हे झाले तर निर्दोष माणूस अडकणार नाही आणि दोषी माणसाच्या वकिलाला शोधायला काही उरणार नाही.

सुटलात, तरी

न्यायालयात सुटणे म्हणजे सगळीकडे सुटणे नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या एका प्रकरणात सांगितले, की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी चालक दारूच्या अंमलाखाली होता हे विमा कंपनी इतर परिस्थितीवरून दाखवू शकते. त्या प्रकरणात गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळाली नाही. पंचनाम्यात गाडीचा नंबर चुकला म्हणून तुमची केस पडेलही. पण त्या रात्री तुमचा ब्रेकवरचा पाय उशिरा पडत होता, ही गोष्ट पंचनाम्यात नव्हती, मेंदूत होती. ती कोणत्याही निकालाने बदलत नाही.

पकडले गेलात तर

- नकार देऊ नका. नवी नळी मागा, यंत्र शून्य दाखवते का ते बघा.
- नुकतेच काही प्यायले असाल, चूळ भरली असेल, उलटी झाली असेल तर तसे सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्या म्हणा.
- आकडा पटत नसेल किंवा आजारामुळे फुंकता येत नसेल तर रक्ताची चाचणी लगेच मागा. उद्या नाही.
- मधुमेह, फिट, डोक्याला मार, चालू औषधे हे पोलिसांना आणि डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत सांगा. मधुमेहींनी खिशात तशी चिठ्ठी ठेवावी.
- अटक झाल्यास वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ ने ती तुम्हाला मिळायला हवी.
- वेळा लिहून ठेवा: शेवटचा घोट, अडवले तेव्हा, फुंकले तेव्हा, रक्त घेतले तेव्हा.
- कायद्याचा सल्ला वकिलाकडूनच घ्या. वैद्यकीय शंका असेल तर खरी कागदपत्रे घेऊन डॉक्टरकडे या.

मोजणीत खोट असेल तर कोणताही प्रामाणिक डॉक्टर तुमच्या बाजूने न्यायालयात उभा राहील. मोजणी बरोबर असेल, तर चूक पोलिसांच्या वहीत शोधू नका. आणि पुढच्या वेळी पेग भरण्याआधी गाडीची चावी दुसऱ्याच्या हातात द्या.